गुडघ्याचा ओळंबा

वृद्ध माणसांचे पाय गुडघ्यांत बाहेरच्या बाजूस वांकलेले आपण पुष्कळदां पाहतों. "वयच झालें" असें म्हणून घरांतील मंडळी स्वस्थ बसतात. परंतु हें वांकणें कसें घडतें हें कळल्यास तें पुष्कळ अंशीं लांबवितां येतें. तेंच येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

गुडघ्यांत मांडीचें हाड नडगीच्या हाडावर टेकलेलें असतें. खुब्याचा सांधा खोल खळग्यांत बसल्यामुळें जात्याच घट्ट असतो. नडगीचा माथा मात्र जवळजवळ सपाट आहे. त्यावर मांडीच्या हाडाचें गोल टोंक स्थिर राहतें तें मुख्यतः चार बळकट अस्थिबंधांमुळें. दोन बंध सांध्याच्या आंत एकमेकांस छेदून जातात व दोन दोहों बाजूंस असतात. सहलींत तंबू उभारणाऱ्या विद्यार्थ्यांस हें सहज समजेल. खांब ताठ व दोर ताणलेले असतात, तोंवरच तंबू उभा राहतो.

आतां ओळंब्याचा विचार करूं. सरळ पायांत खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत कल्पिलेली रेषा गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. चालतांना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक दाब येतो, आणि त्यांतील मोठा वांटा आंतील बाजूस सोसावा लागतो. म्हणून बहुधा त्याच बाजूची गुळगुळीत कूर्चा प्रथम झिजते. पुढें हाडावर हाड घासून नडगीचा माथा तेथें खचतो. हाड खचलें कीं रेषा आंत सरकते. रेषा सरकली कीं त्याच बाजूवर भार वाढतो. भार वाढला कीं हाड आणखी खचतें. शिवाय खांब खचल्यावर दोर सैल पडावा, तसा आंतील बंध सैल होतो व बाहेरचा ताणला जातो. मग पाऊल टेकतांच गुडघा बाहेर लचकतो.

हा ओळंबा वृद्धपणींच ढळतो असें नाहीं. वाढत्या मुलाचीं हाडें मऊ राहिलीं, तर मुडदुसामुळें तो बालपणींच ढळतो. १९१९ च्या सुमारास इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी ह्यांनीं कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून, आहारांतील उणिवेनें मुडदूस होतो व कॉड माशाच्या यकृताच्या तेलानें तो टळतो, असें दाखविलें. त्या तेलांतील 'ड' जीवनसत्त्व सूर्यप्रकाशानें आपल्या त्वचेंतही तयार होतें.

शस्त्रवैद्य आज नडगीचें हाड कापून रेषा सरळ करितात. कृत्रिम सांधा बसवितांना खचलेली जागा हाडाच्या तुकड्यानें अथवा धातूच्या पाचरीनें भरून बंधांस पुन्हां ताण देतात. तथापि इतकी पाळी येऊं न देणें अधिक बरें. पालकांनीं वजन आटोक्यांत ठेवावें. एक किलो वजन उतरलें, तर दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. मांडीचे स्नायू व्यायामानें बळकट ठेवावे, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत धरावी, आणि पाय वांकूं लागतांच वैद्यांस दाखवावें. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं हाडांची पुंजी तिशीच्या आंतच सांठते. दूध, नाचणी, ऊन व मैदानावरील खेळ हींच तिचीं साधनें होत. जी पुंजी आज सांठवाल, तिजवरच म्हातारपणीं उभें राहावयाचें आहे.