बोहाड्यातील ‘सोंग’ : सणाचे नृत्यनाट्य आणि कुटुंब

सणाच्या दिवसांत दरवर्षी तेच नृत्यनाट्य सहकुटुंब पाहावयाचे, ही प्रथा पाश्चात्त्य देशांत ‘नटक्रॅकर’ या बॅलेभोवती रूढ झाली. चायकोव्स्कीच्या संगीतावरील हा बॅले १८९२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे प्रथम रंगभूमीवर आला. त्यातील मुलांच्या भूमिकांचे प्राबल्य तेव्हाच्या टीकाकारांना खटकले होते. पुढे १९५४ साली जॉर्ज बॅलन्चिन यांनी न्यूयॉर्क येथे बालनर्तकांसह तो उभा केला, आणि जे वैगुण्य मानले गेले तेच त्याचे बलस्थान ठरले. आपले मूल रंगमंचावर असले म्हणजे कुटुंब निव्वळ प्रेक्षक राहत नाही.

हाच संबंध अधिक दृढ स्वरूपात पाहावयाचा असल्यास पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांकडे वळावे लागते. वांगणीसारखी गावे ज्या डोंगराळ टापूत वसली आहेत, त्या टापूचा बोहाडा हा उत्सव होय. ‘भोवाडा’, ‘भवाडा’ ही त्याच्या नावाची अन्य रूपे. होळीनंतर, पावसाळ्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत तो रात्री साजरा होतो. आरंभी गणपती येतो. त्यामागून रामायण-महाभारतातील देव, दैत्य व वीर येतात. अखेरीस जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते. साथीला संबळ असतो. मुखवटा चेहरा पूर्णपणे झाकीत असल्याने भावदर्शन मुद्रेवर अवलंबून नसते. पदन्यास, मानेचा हेलकावा व हातातील शस्त्राची फिरकी यांनीच पात्र ओळखावयाचे. कथा सर्वांस ठाऊक असल्यामुळे निवेदनाची उणीव भासत नाही. लहान मूलही वडीलधाऱ्यांच्या मांडीवर बसून ती शिकते.

येथील शब्दयोजना लक्षणीय आहे. प्रमाण मराठीत ‘सोंग’ म्हणजे बतावणी. ‘सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही’ या म्हणीत तोच अर्थ आहे. बोहाड्यात मात्र सोंग म्हणजे मुखवट्यासह साकार झालेले दैवत वा पात्र, आणि ते ‘नाचविले’ जाते. या प्रयोजक क्रियापदात माणूस कर्ता असला तरी नाचणारे असते ते सोंग. नर्तक बदलतो, सोंग तेच राहते. अनेक ठिकाणी विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे असतो व तो पित्याकडून पुत्राकडे जातो. म्हणून प्रेक्षक केवळ ‘रावण आला’ असे पाहत नाहीत; तो कोणत्या घरचा आहे, हेही त्यांस ठाऊक असते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. बोहाडा शहरातील मंचावर तासाभरात बसविल्यास मुखवटे, वाद्ये व पदन्यास तेथे नेता येतील. परंतु घर आणि सोंग यांचे नाते नेता येणार नाही. प्रेक्षकाला रावण दिसेल, तो कोणाचा हे कळणार नाही. अभ्यासकांनी म्हणून केवळ नृत्याचे चित्रण करून थांबू नये. कोणते सोंग कोणत्या घरचे, ते कोणी कोणास शिकविले आणि त्यासाठी गावात कोणते शब्द वापरतात, याची नोंद प्रथम व्हावयास हवी. मुखवटा मोडला तर नवा घडविता येतो. मान सांगणारी पिढी सरली, तर त्या नव्या मुखवट्याला घर उरत नाही.