टॅबलेटवरील वाद्य आणि त्याचें ध्वनिमुद्रण

एखाद्या घरांतील तरुण मुलगा टॅबलेट मांडीवर घेऊन त्यांतील सिंथेसायझरवर तासभर बोटें फिरवितो आणि त्याला एक सुरेख धून सांपडते. ती हरवूं नये म्हणून तो शेजारीं मोबाइल ठेवून ती मुद्रित करतो. दुसऱ्या दिवशीं ऐकतो तों खर्ज नाहींसा झालेला, लांब धरलेला स्वर मध्येंच विरलेला, आणि स्वयंपाकघरांतील कुकरची शिट्टी मात्र जशीच्या तशी! मुलगा ॲपला बोल लावतो. वडील मंडळी म्हणतात, खेळण्यांतून दुसरें काय निघणार? दोघांचेंही निदान चुकलेलें असतें. वाद्यानें स्वर चांगलाच दिलेला असतो. तो मुद्रणापर्यंतच्या वाटेंत सांडतो.

ही वाट समजण्यासाठीं टॅबलेटमध्यें स्वर जन्मतो कसा, हें आधीं पाहिलें पाहिजे. मूग कंपनीचा १९७० सालचा प्रसिद्ध मिनिमूग सिंथेसायझर विजेच्या मंडलांतून स्वर घडवीत असे. त्याच वाद्याचें ॲप २०१८ सालीं निघालें, तेव्हां त्या मंडलांची जागा गणितानें घेतली. ध्वनिलहरीची उंची क्षणोक्षणीं किती असावी, याचे ४४,१०० किंवा ४८,००० आंकडे ॲप दर सेकंदास मांडीत असतें. त्या आंकड्यांची वीज आणि विजेचा नाद होतो तो अगदीं शेवटीं, हेडफोनपाशीं.

आंकड्यांच्या या पद्धतीला स्वाभाविक मर्यादा आहेत. सेकंदाला जितके आंकडे, त्याच्या निम्म्यापर्यंतचींच कंपनें त्यांत बसतात. म्हणजे ४४,१०० आंकड्यांत २२,०५० कंपनांपर्यंतचा स्वर मावतो. मनुष्याच्या कानाची धांव सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच असल्यामुळें एवढें पुरेसें आहे. प्रत्येक आंकडा १६ बिटांचा असला तर लहरीच्या उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि अति मंद व अति मोठ्या आवाजांत सुमारें ९६ डेसिबलचें अंतर राखतां येतें. तात्पर्य, टॅबलेट लहान आहे म्हणून आवाज हलका, हा समज निराधार आहे.

मात्र तार स्वरांत एक खरी अडचण उद्भवते. सिंथेसायझरची करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतली, तर ४,००० कंपनांच्या स्वरासवें त्याच्या पाढ्यांतले ८,०००, १२,०००, १६,००० असे उपस्वर येतात. हा पाढा २२,०५० च्या कुंपणापाशीं थांबत नाहीं. पुढचा ३२,००० चा उपस्वर कुंपणावर आपटून मागें फिरतो आणि ४४,१०० उणे ३२,००० म्हणजे १२,१०० कंपनांचा होऊन खऱ्या १२,००० च्या शेजारीं बसतो. हा उपरा स्वर कानाला खुपतो. चांगलीं ॲपें हिशेब दुप्पट वा चौपट वेगानें करून या आगंतुकांना आधींच गाळून टाकतात. परंतु त्यासाठीं यंत्राला तितकें अधिक राबावें लागतें.

यंत्राच्या या राबण्यालाही सीमा आहे. आंकडे एकेक न पाठवितां मूठमूठ पाठविले जातात. ४८,००० च्या गतीनें २५६ आंकड्यांची मूठ सुमारें ५ मिलिसेकंद पुरते. तेवढ्या अवधींत पुढची मूठ तयार झाली नाहीं, तर आवाजांत खंड पडून ‘टक्’ असा ठोका उमटतो, आणि मुद्रणांत आलेला ठोका तेथेंच राहतो. मूठ १,०२४ आंकड्यांची केली तर यंत्राला सवड मिळते. पण बोट टेकल्यापासून स्वर उमटेपर्यंत २१ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो आणि वाजविणारा अडखळतो. म्हणून अनेक वाद्यें असतील तेव्हां एकेक वाद्य आधीं मुद्रित करून ठेवावें, व इतर ॲपें बंद करावीं.

आतां मूळ प्रश्न वाटेचा. तेल एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओततांना दर वेळीं थोडें मागें चिकटून राहतें. ध्वनीचेंही तसेंच आहे. मायक्रोफोनची वाट सर्वांत वाईट. टॅबलेटच्या चिमुकल्या कर्ण्यांतून खर्ज उमटतच नाहीं. शिवाय मोबाइलचें मुद्रण पुष्कळदां बोलण्यासाठीं योजलेलें असतें. एकसारखा चालणारा नाद म्हणजे पंख्याची घरघर, असें समजून तें तो दाबूं पाहतें. तंबोऱ्याच्या ॲपचा अखंड षड्ज अशा मुद्रणांत क्षीण होतो, तो याच कारणानें. हेडफोनच्या भोंकांतून तार घेणें ही मधली वाट. तींत आंकड्यांची वीज होते आणि विजेचे पुन्हां आंकडे होतात. टॅबलेट चार्जरला जोडलेला असेल तर घरच्या ५० आवर्तनांच्या विजेची गुणगुणही मिसळूं शकते. अशा वेळीं बॅटरीवरच मुद्रण करावें.

सर्वांत चांगली वाट आंतली. आंकडे आंकडेच ठेवून थेट फाइलींत उतरवावे. आरंभीं ही वाट सुगम नव्हती. आयपॅड २०१० सालीं आला आणि त्याच वर्षीं गोरिलाझ या ब्रिटिश संगीतमंडळानें अमेरिकेच्या दौऱ्यांत ‘द फॉल’ हा संग्रह बहुतांशीं त्यावर तयार केला. परंतु तेव्हां प्रत्येक ॲप जणूं आपल्या खोलीचें दार लावून बसलेलें असे. २०१२ सालीं ऑडिओबसनें या खोल्यांना दारें पाडलीं. २०१५ पासून ऑडिओ युनिट पद्धतीनें एका ॲपच्या आंत दुसरें वाद्य उघडतां येऊं लागलें. आज मुद्रणासाठीं हीच पद्धत सोयीची आहे.

या वाटेवरही दोन पथ्यें पाळावीं. आवाज कमाल मर्यादेच्या सुमारें ६ डेसिबल खालीं ठेवावा, कारण मर्यादेबाहेरचीं लहरींचीं शिखरें छाटलीं जातात आणि छाटलेलें शिखर परत उगवत नाहीं. मूळ प्रत २४ बिटांच्या वेव्ह फाइलींत जपावी. एमपीथ्रीसारखी आटीव प्रत केवळ इतरांना पाठविण्यासाठीं करावी.

वाद्य पुन्हां वाजवितां येतें. सहज सुचलेली धून मात्र तशीच पुन्हां हातीं येईल, याची शाश्वती नसते. वाट पाहण्यापूर्वीं नवें यंत्र विकत घेण्याची घाई करूं नये. तारेचें एक टोक काढून घेतल्यानें आणि योग्य फाइल निवडल्यानें जें साधतें, तें पुष्कळदां पैशानें साधत नाहीं.