रंगांचा शेजार

कोणत्याही रंगाचे वर्णन तीन गोष्टींनी पुरे होते: तो कोणता रंग आहे, तो किती उजळ किंवा गडद आहे आणि तो किती तेजदार किंवा मळकट आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या ढिगांसमोर उभे राहिले की हे तिन्ही गुण एकाच मालात दिसतात. हळद सगळी पिवळीच. पण नुसत्या वाळवलेल्या हळकुंडाचा पिवळा मातकट असतो, पॉलिश केलेल्याचा उजळ असतो, मोडलेल्या हळकुंडाच्या पोटातला नारिंगीकडे झुकतो आणि दळलेल्या पुडीचा सर्वांत भडक दिसतो. खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, तेव्हा तो या तीन गुणांचाच अंदाज घेत असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या ओळखीत रंगाचा वाटा मोठा आहे. अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली हे तीन गुण वेगवेगळे मोजून प्रत्येक रंगाला पत्ता देण्याची पद्धत मांडली. रंग ठरवताना ती आजही वापरली जाते.

या तिघांपैकी चित्राचा भार सर्वांत जास्त पेलतो तो उजळ-गडदपणा. चित्रकलेच्या वर्गात त्याला टोन म्हणतात. चांदण्या रात्री शेतात रंग दिसत नाहीत, तरी बांध, झाड आणि बैल ओळखू येतात. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशींना रंग कळत नाही, मात्र अंधूक उजेडातही त्या उजळ आणि काळोखे यांतला फरक टिपतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातले आहे. किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८६९ साली जन्मले. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे शिकत असताना त्यांना काही प्रमाणात रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले आणि रंगकामाचा नाद सोडावा लागला. रेषा, प्रमाण आणि छायाप्रकाश यांवरची पकड मात्र शाबूत होती. ते यांत्रिक रेखनाकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत त्यांनी तेच शिकवले आणि पुढे लोखंडी नांगराच्या कारखान्यापर्यंत पोहोचले. रंगांधळ्या माणसाला जग काळे-पांढरे दिसते ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना लाल आणि हिरव्याच्या काही छटा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. या दोषाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत बराच जास्त आढळतो. म्हणून फलक, नकाशा किंवा आलेख करणाऱ्याने केवळ लाल-हिरव्याच्या फरकावर अर्थ सोपवू नये. एक गडद आणि दुसरा फिका ठेवला की तो फरक सर्वांना वाचता येतो.

प्रत्येक शुद्ध रंग आपापला उजळपणा घेऊन येतो. पिवळा सर्वांत उजळ, जांभळा सर्वांत गडद, लाल आणि हिरवा मधले. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारी मुले इथेच फसतात. पिवळ्याची सावली काढायला ती काळा मिसळतात आणि कागदावर शेवाळी हिरवट उमटते. पिवळा गडद करायचा तर त्यात थोडा तपकिरी किंवा चिमूटभर जांभळा घालावा, म्हणजे रंग मरत नाही.

रंगांचे चक्र ही कल्पना न्यूटनची. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाश सोडून त्याचे रंग वेगळे केले आणि १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते वर्तुळात मांडले. शाळेतल्या चक्रात लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग असतात. दोन-दोन मिसळून नारिंगी, हिरवा आणि जांभळा हे दुय्यम रंग होतात. मोबाईलच्या पडद्यावर मात्र लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकत्र येतो, तिथे सगळे मिळून पांढरा होतो. रंगपेटीत सगळे मिसळले की चिखल होतो, कारण प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग गिळून टाकते.

चक्रात समोरासमोर बसणाऱ्या रंगांना विरोधी किंवा पूरक रंग म्हणतात. ही जोडी पाहण्यासाठी साताऱ्याजवळच्या कास पठारासारखी जागा नाही. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे. जांभ्या दगडाच्या या पठारावर मातीचा थर इतका पातळ की मोठी झाडे तग धरत नाहीत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मात्र जमीन फुलांनी झाकली जाते. सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा आणि सोनकीचा पिवळा शेजारी आले की दोन्ही पेटल्यासारखे दिसतात, कारण ते चक्राच्या दोन टोकांचे आहेत. त्यातच सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांचीही गाठ पडते. तेरड्याचा गुलाबी हिरव्या गवतावर उठतो त्यालाही हेच कारण. हा सगळा थाट अर्थात परागण करणाऱ्या कीटकांसाठी असतो. मधमाशीला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, उलट माणसाला न दिसणारे अतिनील किरण दिसतात.

पण विरोधी रंग निम्मे-निम्मे वापरले की चित्रात भांडण लागते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणारे योहान्स इटेन यांनी कवी गटे यांच्या आकड्यांवरून जो हिशेब दिला, त्यात पिवळ्याच्या एका भागाला जांभळ्याचे तीन भाग लागतात. हे प्रमाण मोजपट्टी लावून पाळायचे नसते. उजळ रंगाला थोडी जागा पुरते, एवढे त्यातून घ्यावे. विरोधी रंगाचा दुसरा उपयोग मिश्रणात होतो. कृष्णाकाठचा ऊस रंगवताना ट्यूबमधला हिरवा तसाच फासला तर शेत प्लास्टिकचे दिसते. त्यात किंचित लाल मिसळला की हिरव्याचे तेज उतरते आणि रानाचा खरा हिरवा हाती येतो.

रंग शेजाऱ्यामुळे बदलतो, ही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम मांडली ती एका रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले मिशेल शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्यांनी धागे तपासले. रंगाईत खोट नव्हती. काळ्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा उतरलेला दिसत होता. या अभ्यासातून त्यांचा ग्रंथ १८३९ साली निघाला आणि पुढच्या काळातल्या फ्रेंच चित्रकारांना त्याचा मोठा उपयोग झाला. कराडजवळच्या पाल येथे खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा हाच नियम दिसू शकतो. सगळीकडे पिवळे असताना पांढऱ्या कपड्यावरची साधी राखाडी सावलीसुद्धा डोळ्याला जांभळट वाटू लागते. रंग निवडताना तो डबीत कसा दिसतो हे पाहून भागत नाही. तो ज्याच्या शेजारी बसणार तिथे ठेवूनच त्याचा निर्णय करावा.

एकमेकांजवळ बसणाऱ्या रंगांचे मात्र शांतपणे जमते. हळद आणि कुंकू ही अशी जोडी आहे आणि तिचे नाते रसायनाचेही आहे. हळदीतला कर्क्युमिन हा घटक चुन्यासारख्या अल्काशी संयोग पावला की तांबडा होतो आणि पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होत आले. हाच घटक उन्हात टिकत नाही, म्हणून हळदीचा डाग उन्हात वाळवला की उडतो. चित्रात टिकाऊ पिवळा हवा तर पिवळी माती वापरावी. तो लोहाचा खनिज रंग आहे, तसाच गेरूही.

लाल, नारिंगी, पिवळा यांना उष्ण म्हणतात, निळा आणि त्याच्या जवळच्या छटांना शीत. उष्ण रंग पुढे आल्यासारखे वाटतात, शीत मागे सरतात. साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या घाटातून पाहिले तर जवळचा उतार हिरवा-तपकिरी, त्यामागची रांग निळसर आणि शेवटची जवळजवळ आभाळात विरलेली दिसते. मधल्या हवेत विखुरलेला निळा प्रकाश दूरच्या डोंगरावर पडद्यासारखा चढतो. म्हणून निसर्गचित्रात मागचा डोंगर निळा करणे पुरेसे नाही. तो फिकाही करावा लागतो आणि त्यातला गडद-उजळ फरकही कमी करावा लागतो.

संकल्पचित्रात किंवा मुखपृष्ठात रंगासोबत मांडणी येते. तोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असणे नव्हे. एका कोपऱ्यातला छोटा लाल ठिपका उरलेल्या मोठ्या राखाडी जागेला तोलून धरू शकतो. मोकळी जागाही आकारच असते, ती उरलीसुरली समजू नये. देवनागरी अक्षरांना शिरोरेषेमुळे आयता आडवा पट्टा मिळतो. वरखालच्या मात्रा आणि उकारांसाठी ओळींत अंतर मात्र जास्त ठेवावे लागते. मराठी मासिकांच्या दृश्यरूपाचा विचार किर्लोस्करवाडीतही झाला. १९२० साली तिथे सुरू झालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे, म्हणजे पुढच्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे, संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे ते चित्रकला शिकले होते. त्या काळी छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करून कागद पुन्हा यंत्रातून काढावा लागे. खर्च वाढे, म्हणून दोन-तीन रंगांत काम भागवण्याची शिस्त लागत असे. आजच्या विद्यार्थ्यांनी पडद्यावर लाखो रंग हाताशी असताना ही शिस्त आपणहून घ्यावी. काळा, पांढरा आणि एकच तिसरा रंग घेऊन केलेले संकल्पचित्र बारा रंगांच्या चित्रापेक्षा बहुधा सरस ठरते.

किर्लोस्करवाडीसाठी जागा देणारे औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही चित्रकार होते. रामायणावर त्यांनी चित्रमाला काढली. औंधला मूळपीठाच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि एम. व्ही. धुरंधर यांची चित्रे आहेत, तसेच इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता-बालकाचे पाषाणशिल्पही आहे. तिथल्या तैलचित्रांसमोर डोळे किलकिले करून उभे राहावे. साड्यांचे रंग विरतात आणि गडद भाग व त्यावर पडलेला उजेड एवढेच उरते. मग वहीवर त्याच चित्राचे चार टोनमध्ये छोटे टिपण करावे. सातारा किंवा सांगलीहून औंध एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. पहिल्या भेटीत रंगपेटी घरी ठेवावी, पेन्सिल न्यावी.