चित्र आहे, जागा नाही

नगर जिल्ह्यातल्या एका कचेरीत माझा विद्यार्थी दाखल्यासाठी गेला. सोबत मी होतो. त्याची तीनचाकी स्कूटर. दाराशी चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवलेले आणि त्यावर साहेबांची जीप उभी! तो म्हणाला, "सर, तुम्हीच आत जा. मी थांबतो बाहेर." बाहेर थांबणे म्हणजे काय, हे मी बापाकडून ऐकले आहे.

'अपंग'चा 'दिव्यांग' झाला. गोड नावाने जागा मिळत नाही, हे 'हरिजन' म्हणवून घेतलेल्यांना कोणी सांगावे?

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दया मागत नाही. त्याचे कलम ४१ स्थानकांवरील वाहनतळाविषयी बोलते. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायला सांगते. केंद्राच्या मानकांप्रमाणे राखीव जागा ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत हवी. रुंदी चैनीसाठी नाही. गाडीशेजारी खुर्ची लावता यावी म्हणून आहे. नियम नुसती शिफारस करून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात बजावले. कायदा मोडल्यास कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे. तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

१९२३ च्या ठरावाने पाणवठे खुले झाले होते. तरी १९२७ साली महाडला चालत जावेच लागले. ज्याला चालता येत नाही, त्याच्यासाठी आपण कधी निघणार?