दारातला उजेड आणि माणसाचा चेहरा

घरातले वडीलधारे माणूस गेले, की दिवसकार्याच्या गडबडीत एक शोध सुरू होतो. भिंतीवर लावावयास तसबीर हवी असते आणि ती कोणापाशीच नसते. मग कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तो चेहरा कापून मोठा करतात, नाहीतर आधार कार्डावरचा भेदरलेला फोटो घेऊन स्टुडिओ गाठतात. पुढच्या पिढीला आजी म्हणून तेवढाच एक चेहरा ठाऊक राहतो. तो आजीचा असतो, पण आजी त्यात नसते.

आज बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे; मग ही उणीव का राहावी? चित्रे आपण पुष्कळ काढतो. माणसाला नीट उजेडात बसवून काढीत नाही, हे तिचे कारण. आणि त्यासाठी दिवे, पडदे, स्टुडिओ यांपैकी काहीही लागत नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक या विद्येत पडले, तेव्हा विजेचे दिवे होते कोठे? सारा कारभार सूर्यावर चाले. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ही सूर्यप्रकाशातच चित्रित झाला. तेव्हा उजेड आपल्या दारी आहेच. तो ओळखावयास मात्र शिकले पाहिजे.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. नवा कॅमेरा घेतला तेव्हा उन्हाळ्यात आत्याबाईंना भर दुपारी अंगणात उभे केले. समजूत अशी, की ऊन जितके लख्ख तितके चित्र चांगले. चित्र हाती आले तेव्हा कपाळ व नाक पांढरेफटक आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या. त्या चित्र बघून म्हणाल्या, “अरे, ही मी नव्हे, ही तर हडळ!” आम्ही हसलो. पुन्हा काढू म्हणालो. ते राहून गेले ते कायमचेच.

चूक कोठे झाली? सूर्य प्रचंड खरा, पण आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाएवढीच दिसते. लहान दिसणाऱ्या ज्योतीची सावली धारदार पडते; मोठ्या, पसरट उजेडाची सावली मऊ पडते. शिवाय उन्हाची दिशा. शिक्रापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८.७ अंशांवर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो व उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. आपले घड्याळ पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी रेखांशाचे असल्याने ही वेळ बाराची नसून साडेबाराच्या सुमाराची असते. अशा वेळी भुवईची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडणारच.

चेहऱ्याची ठेवण चांगली दिसावयास उजेड साधारण ४५ अंशांवरून, थोडा बाजूने यावा. मेच्या मध्यास सूर्य एवढा कलता असतो तो सकाळी सव्वानऊच्या आसपास व दुपारी पावणेचारच्या सुमारास. डिसेंबरच्या अखेरीस मात्र माध्यान्हीलाही तो ४८ अंशांच्या वर जात नाही. म्हणजे घड्याळाकडे न बघता सावलीकडे बघावे: आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल, तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे.

परंतु उत्तम उजेड उन्हात नसतोच; तो उन्हाच्या कडेला असतो. ओसरीवर, पडवीत, दाराच्या उंबऱ्यापासून हातभर आत. तेथे ऊन पोहोचत नाही, पण दारातून मोकळे आकाश दिसत असते, आणि ते सारे आकाश हाच मोठा, मऊ दिवा होतो. वाडा नसला, नगर रस्त्यालगतच्या इमारतीत दोन खोल्या असल्या, तरी गॅलरी किंवा जिन्याची खिडकी हेच काम करते. माणसाला दाराकडे तोंड करून बसवावे, मग मान हळूहळू एका बाजूस वळवावयास सांगावी. एक गाल उजळ, दुसरा किंचित सावळा झाला आणि दोन्ही बुबुळांत उजेडाचा ठिपका चमकला, की थांबावे. तो ठिपका नसेल तर डोळे विझल्यासारखे दिसतात.

सावळी बाजू फारच काळी वाटली तर तिकडे धुतलेले धोतर किंवा पांढरी चादर धरावी. ती उजेड परतवते. मात्र परतणारा उजेड आपला रंगही घेऊन येतो. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळे पडतात. दाट झाडाखाली हिरवट छटा येते, वर पानांतून गळणारे कवडसे गालावर कोडासारखे दिसतात.

दोन गोष्टी कॅमेऱ्याच्या. तो चौकटीतल्या उजेडाची सरासरी धरतो. मागे चुन्याची पांढरी भिंत किंवा डोक्यावर पांढरा फेटा असला, तर सावळा चेहरा आणखी काळवंडतो. म्हणून पडद्यावर चेहऱ्यालाच बोट टेकवावे आणि उजेड तेथे बघून कमीजास्त करावा. चेहरा गोरा करण्याच्या भरीस मात्र पडू नये. दुसरे, फार जवळ जाऊ नये. हातभरावरून नाक मोठे व कान लहान दिसतात. पाच-सहा फूट दूर राहून चित्र जवळ ओढावे.

आणि पार्श्वभूमी? ती रिकामी असलीच पाहिजे असे नाही. जात्याचा कोपरा, गोठ्याची चौकट, दुकानातला तराजू ज्याचा त्याला शोभतो. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब तेवढा टाळावा.

शेवटी, “हसा” म्हणून हुकूम करू नये. पहिल्या पावसाची, माहेरच्या विहिरीची गोष्ट विचारावी, आणि उत्तर संपून माणूस क्षणभर गप्प बसते तेव्हा कळ दाबावी. मग ते चित्र कागदावर उतरवून घ्यावे; यंत्र बिघडले की आतले सारे जाते.

हे शिकावयास महिना लागत नाही. उद्या चार वाजता आईला दारात बसवा. पुन्हा काढू, असे म्हणू नका.