परका पिस्टन, बिडाचा ब्लॉक

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाटच्या परवान्याने १९६४ पासून तयार होऊ लागलेली आणि १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळालेली मोटार ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून निवृत्त झाली असली, तरी हौशी मालकांकडे ती अजून चालती आहे. अस्सल माल मिळेनासा झाल्यामुळे तिच्या इंजिनात दुसऱ्या बनावटीचा, कधी दुसऱ्याच गाडीचा भाग बसवावा लागतो आणि अशा वेळी भागाने इंजिनाशी जुळवून घ्यायचे की इंजिनाने भागाशी, हे फिटर आणि लेथवाला यांना आधी ठरवावे लागते.

या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असते. झिजलेला बोअर कापून मोठा करतात आणि त्यात ओव्हरसाइज, म्हणजे तितकाच जाड, पिस्टन घालतात. बोअर किती मोठा करायचा, हे ‘थाऊ’मध्ये सांगतात; ‘वीस थाऊ’ म्हणजे इंचाचे वीस सहस्रांश, सुमारे अर्धा मिलिमीटर. पिस्टनचे ॲल्युमिनियम तापल्यावर, सिलिंडर ज्यात असतात त्या ब्लॉकच्या बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून दोहोंमध्ये फट ठेवावी लागते. ती किती, हे पिस्टनच्या मिश्रधातूवर आणि घडणीवर ठरत असल्याने जाणता लेथवाला पिस्टन हाती आल्याशिवाय ब्लॉकला हत्यार लावत नाही.

व्यास जुळला म्हणजे काम झाले, हा समज मात्र महागात पडतो. पिस्टनच्या पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची अर्ध्या मिलिमीटरने कमी भरली, तर दाबाचे प्रमाण, म्हणजे कोंडलेले मिश्रण कितीपट आकसते तो आकडा, आठ असल्यास सुमारे ७.७ वर उतरते आणि गाडी चढावर दम टाकते. उंची जास्त भरली, तर माथा व्हॉल्व्हवर आपटण्याचे भय असते. अशा वेळी माथा थोडा उतरवणे परवडते, कारण पिस्टन पुन्हा मिळतो. ब्लॉकमधून एकदा काढलेले बीड परत येत नाही.

बोल्टची फसवणूक याहून साळसूद असते. ॲम्बॅसडरचा इंची मापाचा पाच-सोळांश बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, तर फियाटचा आठ मिलिमीटरचा, त्यामुळे हाताला दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिल्याच्या आट्यांतले अंतर १.०६ आणि दुसऱ्याच्या १.२५ मिलिमीटर असल्याने बोल्ट दोन-तीन फेरे गुमान आत जातो, मग अडतो आणि पान्याचा जोर वाढवताच ॲल्युमिनियमच्या हेडमधले, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातले, आटे घेऊन बाहेर येतो. हा दोष बोल्टचा नसून घाईचा असतो.

पिस्टनच्या उंचीची शंका उरलीच, तर त्याच्या माथ्यावर मऊ पुटीचा गोळा ठेवून जुन्या गॅस्केटसह हेड आवळतात. चार धावांच्या या इंजिनात व्हॉल्व्हचे एक आवर्तन क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरे होते, म्हणून क्रँक हाताने दोनदा फिरवतात. कुठे अडखळली तर जोर न लावता तिथेच थांबतात. नंतर हेड उतरवून पुटी पात्याने मधोमध कापतात आणि व्हॉल्व्हचा ठसा जिथे सर्वांत खोल उमटलेला असेल, तिथली उरलेली जाडी मोजतात; तीच माथा आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट.