बंद खोलीतली शेगडी आणि सूचना देणारे यंत्र



नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावच्या अमन नगरात बंद खोलीत निखारे ठेवून झोपलेले तीन तरुण गुदमरून मरण पावले. घराला आग लागलेली नव्हती. त्यांचा जीव घेतला तो कार्बन मोनॉक्साइडने.

कोळसा, लाकूड किंवा गॅस जळताना हवा अपुरी पडली की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. इथे तीही सोय नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग डोके दुखते, गरगरते, मळमळते. आपण त्याला पित्त म्हणतो आणि पडून राहतो, हेच घातक! घरातल्या सर्वांनाच एकदम असे होऊ लागले आणि मोकळ्यावर गेल्यावर बरे वाटले, तर संशय घ्यावा.

पूर्वी न्हाणीघरात बंब पेटे, पण कौलांच्या फटींतून हवा खेळत असे. आता स्लॅबची घरे, घट्ट बसणाऱ्या खिडक्या आणि लहानशा न्हाणीघरात गॅस गिझर. गिझर शक्यतो बाहेर बसवावा आणि झरोका कधीही बुजवू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचे सूचक यंत्र लावावेच लागते. 1 ऑक्टोबर 2022 पासून तेथे गॅसची शेगडी वगळता बॉयलरसारखे इंधनावर चालणारे कायमचे उपकरण असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचेही यंत्र सक्तीचे आहे. आपल्याकडच्या बैठ्या घरांना अशी सक्ती नाही. पण घेण्यास कोणी अडवलेलेही नाही. विश्वस्त मंडळींनी वसतिगृहांपासून सुरुवात करावी, ही विनंती.

ही दोन यंत्रे वेगळी आहेत, हे ध्यानात घ्यावे. धुराच्या यंत्राला हा वायू कळत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे वायूचे यंत्र हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग वायू असल्यास तीन मिनिटांत वाजते, 50 भाग असल्यास तासाभरानंतर, दीड तासाच्या आत. दर महिन्याला बटण दाबून तपासणी करावी. हे काम मुलांकडे द्यावे. यंत्रावर छापलेली मुदत संपली की ते बदलावे.

यंत्र वाजले तर दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, सर्वांनी बाहेर पडावे आणि मग 112 ला फोन करावा.